फुकट म्हणजे मोकळं नव्हे

दोस्तहो, फुकट मिळतं म्हणून हुरळून जायची सवय आता मोडा.

कुणीतरी कुठून तरी आणलेला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून, मोबाइलवरून हातोहात फिरतो. पोरगा छाती फुगवून सांगतो, दमडी मोजली नाय. ठीक. पण तुझ्या हातात आलं काय? एक बंद डबा!

गोदीत राबतो म्हणून डब्याचंच सांगतो. पूर्वी माल गोणीनं, पेटीनं उतरायचा. जुना हमाल गोणीला हात लावून सांगायचा, तांदूळ का साखर. आता कंटेनर येतो, सील ठोकलेला. आत काय? कागद म्हणेल ते. प्रोग्रॅमचं असंच आहे. माणूस लिहितो तो सोर्स कोड. त्याच्या ओळी वाचता येतात, चूक सापडते, दुरुस्त करता येते. मग कंपायलर त्या ओळी मशीनच्या शून्य-एकात उतरवतो. मशीनला ते कळतं. माणसानं त्यातून मूळ ओळी परत काढायच्या म्हटलं तर नावं, खुलासे सगळं गळून गेलेलं असतं. ज्यानं नुसता हा डबा वाटला त्यानं वापर दिला, समज दिली नाही. मालकी त्याच्याचकडं राहिली.

बिघडलं काय यात? २०२० साल आठवा. टाळेबंदी. २ एप्रिलला केंद्र सरकारनं आरोग्य सेतू आणलं. १ मेला, नेमक्या कामगार दिनाला, गृह मंत्रालयाचा आदेश निघाला: सरकारी-खाजगी सगळ्या नोकरदारांना हे ॲप सक्तीचं. तू कुठं होतास, कुणाजवळ होतास याची नोंद ब्लूटूथ आणि जीपीएसनं ठेवणारं ॲप. आणि आत काय लिहिलंय ते बघायची सोय नाही! ओरड झाली. १७ मेला सक्ती सैल झाली, २६ मेला अँड्रॉइड ॲपचा सोर्स कोड खुला केला. म्हणजे आधी खिशात घाला, मग वाचा. आणि माहिती जिथं जमा होते त्या सर्व्हरचा कोड त्या दिवशीही बंदच होता.

पांढरपेशे हसतात. म्हणतात, हमालाला कोड वाचून काय कळणार? अरे, चाळीत एक पोरगा मॅट्रिक झाला की अख्ख्या चाळीची पगाराची चिठ्ठी तोच वाचायचा. कापलेला पैसा त्यालाच दिसायचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून जाब विचारायचे. सगळ्यांना वाचता यायलाच पाहिजे असं नव्हतं. चिठ्ठी उघडी पाहिजे होती.

पण कोड उघडा मिळाला म्हणून झोपू नका. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, केन थॉम्पसन, यानं १९८४ सालीच दाखवून दिलं, की कंपायलरच फितूर असेल तर स्वच्छ सोर्समधूनही दगाबाज प्रोग्रॅम तयार होतो. म्हणून दाखवलेल्या सोर्समधून आपण स्वतः प्रोग्रॅम बांधायचा, आणि वाटलेल्या डब्याशी तो जुळतो का ते ताडून बघायचं.

वरसेहून महाड काही लांब नाही. चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. कागदावर! ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब आणि त्यांच्या मागं हजारो माणसं तळ्यावर गेली तेव्हा. जो कोड कुणी वाचला नाही, बांधून बघितला नाही, तो नुसता ठरावच.

अक्षरांचंही तेच. मराठी ‘ल’ आणि ‘श’चं वळण हिंदीहून वेगळं. फॉन्ट बंद असेल तर मालकाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहा. मुंबईच्या ‘एक टाइप’नं ‘मुक्त’ हा फॉन्ट खुल्या परवान्यावर, घडणीच्या मूळ फायलींसकट दिला. वळण बदलायचं त्यानं खुशाल बदलावं. कुणाची परवानगी नको.

तेव्हा आपला कायदा हा: आपल्यातला जो कुणी वस्तीसाठी, युनियनसाठी हजेरीचा, मजुरीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहील, त्यानं तो सोर्ससकट द्यावा. बांधायची रीतही लिहून द्यावी. आणि मोकळा सोडताना राखण ठेवावी. रिचर्ड स्टॉलमननं १९८९ साली जीपीएल हा परवाना काढला तो याचसाठी: घे, बदल, वाट, पण पुढं वाटशील तेव्हा सोर्सही दे. ही अट नसेल तर तुझाच कोड उचलून, त्याला सील ठोकून, तुलाच विकतील.

कुठलं बटण दाबायचं ते शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. बटणामागं काय चाललंय ते आपलं आपल्यालाच शिकावं लागणार. रोह्यात, धाटावच्या कारखान्यांच्या आसपास, मुंबईच्या झोपडपट्टीत, चौघं जमा. एक छोटा प्रोग्रॅम घ्या. ओळ न् ओळ वाचा. अडलं तर लाजू नका, विचारा. कळलं की पुढच्याला सांगा.

— वरसे, ता. रोहा