कब्रस्तानची हद्द मोबाईलवर ठरेल का?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हातभर बांधावरून भाऊबंद कोर्टात जातात. तिथं मोबाईलच्या लोकेशनवर कितपत विसंबायचं?

किमान चार उपग्रहांचे सिग्नल पोहोचायला लागलेल्या वेळेवरून मोबाईल आपली जागा काढतो. मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटरची चूक राहतेच. भूमी अभिलेख खात्याचा रोव्हर जमिनीवरच्या कायमस्वरूपी स्थानकांकडून दुरुस्ती घेतो, म्हणून काही सेंटीमीटरपर्यंत नेमका असतो.

जून २०२५ मध्ये वक्फ मिळकतींसाठी 'उमीद' पोर्टल आलं, त्यात लोकेशनही भरायचं. पण त्या ठिपक्यावरून कब्रस्तान कुठं आहे एवढंच कळतं, कुठपर्यंत आहे ते नाही. मुतवल्ली साहेबांनी सरकारी मोजणीचा अर्ज करून 'क' प्रत घ्यावी. त्या मोजणीची नोटीस शेजारच्या खातेदारांनाही जाते, हे महत्त्वाचं.