दप्तर हलले, यादी कोठे आहे?

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. नवा जिल्हा म्हणजे केवळ नवी पाटी आणि नवा जिल्हाधिकारी नव्हे. ज्या आठ तालुक्यांचा तो झाला, त्यांच्या जमिनींचे, जंगलांचे आणि तलावांचे कागद जेथे असतील तेथवर त्या जिल्ह्याची सत्ता. म्हणून जिल्हा विभागला की दप्तरही विभागावे लागते. आणि दप्तर हलवण्याचा कचेरीचा जुना रिवाज असा की बस्ता उचलण्यापूर्वी त्याची यादी करायची, देणाऱ्याने तिच्यावर सही करायची आणि घेणाऱ्याने एकेक नग मोजून आपली सही करायची. हा रिवाज सर्वत्र काटेकोरपणे पाळला जातो, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु तो मोडला गेला तर मोडला गेला, हे निदान सांगता येते, कारण यादीच्या जागी यादी नसते.

आज त्याहून कितीतरी मोठे दप्तर हलले आहे, आणि त्याचा आवाजही झालेला नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने आजवर स्वतः चालवलेली ई-मेलची व्यवस्था झोहो या खाजगी कंपनीने उभारलेल्या मंचावर नेली. 2023 साली या कामाचे सात वर्षांचे कंत्राट झाले आणि 2025 च्या ऑक्टोबरपर्यंत सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या तिकडे गेल्याचे जाहीर झाले. पत्त्यांच्या शेवटी असणारी सरकारी नावे तीच राहिली. म्हणजे दारावरची पाटी तीच, आत दप्तर सांभाळणारा मात्र बदलला. केंद्राची ही ई-मेल सेवा केवळ दिल्लीच्या मंत्रालयांपुरती नाही. ती वापरणाऱ्या राज्यांच्या कार्यालयांनाही केंद्राचे 2015 सालचे ई-मेल धोरण लागू करण्यात आले होते. गोंदियासारख्या जिल्ह्याने या प्रश्नाकडे दूरची बातमी म्हणून पाहू नये.

यावर जी थोडीफार चर्चा झाली ती स्वदेशीच्या अंगाने. गृहमंत्री अमित शहा यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये आपला ई-मेलचा पत्ता झोहोवर नेल्याचे जाहीर केले आणि परदेशी कंपन्यांच्या तावडीतून देश सुटला, असा जयघोष सुरू झाला. परदेशी कंपन्यांवरचे अवलंबन कमी होणे चांगलेच आहे; त्याविषयी समाजवाद्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. ती संथ होती, अपुरी होती, आणि कंटाळलेले कित्येक अधिकारी सरकारी कामासाठी खाजगी पत्ते वापरत होते. 2015 चे धोरण करावे लागले ते याच दुखण्यावर. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची संगणकव्यवस्था सायबर हल्ल्याने दिवसेंदिवस ठप्प झाली, तेव्हा सरकारी संगणकांची नाजूक अवस्था साऱ्या देशाने पाहिली. व्यवस्था बदलणे आवश्यक होते, हे मान्य केले पाहिजे. पण स्वदेशी म्हणजे सार्वजनिक नव्हे. येथे विचारावयाचा प्रश्न कंपनी कोणत्या देशाची, एवढाच नाही. लोकांच्या मालकीचे दप्तर एका जागेहून दुसरीकडे नेताना ते मोजले कोणी आणि मोजून घेतले कोणी, हा तो प्रश्न आहे.

टपालपेटी हलवणे म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. नव्याने नोकरीस लागलेल्या कारकुनाची पेटी एका रात्रीत हलते. परंतु जी पेटी दहा-पंधरा वर्षे एका पदाची पेटी म्हणून वापरली गेली, जिच्यावर पाच-सहा अधिकारी येऊन गेले, जिच्यात नकाशे, छायाचित्रे आणि स्कॅन केलेली पत्रे भरली आहेत, तिच्यात लाखभर संदेशही असू शकतात. असा संचय एका दमात उचलला जात नाही. जुना सर्व्हर ठराविक वेगापेक्षा अधिक वेगाने काही देत नाही, म्हणून काम दिवसेंदिवस चालते. तोवर नवी पत्रे येतच असतात, त्यांच्यासाठी पुन्हा फेरा करावा लागतो. मर्यादेपेक्षा मोठी जोडपत्रे असलेले संदेश नवी व्यवस्था नाकारते. एकात एक ठेवलेले कप्पे कधी जुळत नाहीत. काम निष्काळजीपणे झाले तर पत्राची तारीख पुसली जाऊन त्याजागी स्थलांतराची तारीख बसते. आणि ज्या कार्यालयात पत्रे सर्व्हरवर न ठेवता टेबलावरच्या संगणकात उतरवून घेण्याची पद्धत होती, तेथील जुनी पत्रे या फेऱ्यात येतच नाहीत; तो संगणक भंगारात गेला की तीही भंगारात जातात.

जाणकार माणूस हे काम कसे करतो? तो आधी प्रत्येक कप्प्यातील संदेश मोजतो, हलवल्यानंतर पुन्हा मोजतो, जे गेले नाहीत त्यांची वेगळी यादी ठेवतो आणि जुनी पेटी काही काळ केवळ वाचण्यापुरती उघडी ठेवतो. हा कचेरीचा जुना रिवाजच आहे, फक्त लाल कापड नाही. परंतु अशा स्थलांतरात जगभर जी पहिली सूचना दिली जाते ती वेगळीच असते: पेटी हलकी करा, जुने नको ते काढून टाका. घरगुती पत्रांच्या बाबतीत ही सूचना शहाणपणाची आहे. सार्वजनिक पदाच्या पेटीबाबत ती अनर्थाची आहे. कारण तेथे कोणते पत्र नको ते आहे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती पासवर्ड आहे त्याचा नाही.

हा कल्पनेचा बागुलबोवा नव्हे. अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये धाकट्या बुश यांच्या कारकिर्दीत, 2002 पासून, ई-मेल लोटस नोट्सवरून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजवर नेण्यात आली. जुन्या व्यवस्थेला जोडलेली, प्रत्येक पत्र आपोआप संग्रही ठेवणारी यंत्रणा नव्या व्यवस्थेशी जुळली नाही. तिच्या जोडीची दुसरी यंत्रणा उभी राहिली नाही. इराकवर 2003 च्या मार्चमध्ये आक्रमण झाले ते याच काळात. पुढे लाखो पत्रांचा पत्ता लागेना. दोन नागरी संस्था 2007 मध्ये न्यायालयात गेल्या, आणि 2009 च्या डिसेंबरमध्ये ओबामा प्रशासनाने तडजोड करताना कबूल केले की हरवलेली मानली गेलेली सुमारे 2 कोटी 20 लाख पत्रे राखीव फितींवर सापडली आहेत. जगातील सर्वांत साधनसंपन्न कचेरीची ही कथा. तेथे निदान राखीव फिती होत्या आणि न्यायालयात जाणारे कोणी होते.

गोंदियाला याचे काय, असे विचारणाऱ्याने देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांकडे पाहावे. येथील ग्रामसभांनी वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मागितले, कित्येकांनी ते मिळवले, आणि ज्या तेंदूपानावर पिढ्यान्‌पिढ्या ठेकेदार गबर झाले त्या तेंदूपानाचा लिलाव ग्रामसभा स्वतः करू लागल्या. हे हक्क कशाच्या बळावर मिळाले? मोर्चे झाले, बैठका झाल्या, रात्रीच्या रात्री ठराव लिहिले गेले, हे खरेच. परंतु उपविभागीय समितीपुढे दावा उभा राहतो तो कागदावर. मध्य प्रांतातील बंदोबस्ताच्या काळी गावाच्या रूढींची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये झाली. 1951 मध्ये मालगुजारी संपल्यानंतर निस्तार पत्रक तयार झाले. कोणत्या जंगलातून सरपण आणायचे, गुरे कोठे चारायची, बांबू कोणी तोडायचा, वाटा कोणत्या, मसण कोठे, असा सारा हिशेब त्यात. ज्या अनाम कारकुनाने तो लिहिला त्याला 2006 साली संसदेत असा कायदा होईल आणि त्याच्या कलम 3 मध्ये ‘निस्तार’ हा शब्दच्या शब्द येईल, हे स्वप्नातही नसेल. कदाचित त्याने तो कंटाळून लिहिला असेल. पण लिहिला, बस्त्यात बांधला, आणि नंतरच्या कोणी जागा अडते म्हणून तो जाळला नाही. अर्धशतकाहून अधिक काळ धूळ खात पडलेला कागद अखेर आदिवासीच्या बाजूने बोलला.

आता तोच हिशेब कोठे लिहिला जातो? वनविभागाचा अभिप्राय, मोजणीचा नकाशा, तहसीलदाराचे स्मरणपत्र, त्रुटी काढून परत पाठवलेल्या दाव्यांची यादी, धानखरेदी केंद्राला दिलेली मंजुरी, नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेवरील गावांविषयीचा पत्रव्यवहार, यांतील पुष्कळसे आज टपालपेटीतून टपालपेटीत जाते. काही छापून नस्तीला लागते, काही लागत नाही. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जाण्यास 60 दिवसांची मुदत आहे. तेथे एका पत्राची तारीख म्हणजे गावाच्या जंगलाचा निकाल ठरू शकते. ते पत्र हलवताना गळाले, किंवा त्याची तारीख बदलली, तर ग्रामसभेने काय दाखवायचे? आजची पेटी हे पन्नास वर्षांनंतरचे निस्तार पत्रक आहे, हे जिल्हा प्रशासनाच्या ध्यानात आलेले असेल तर त्याने ते सांगावे.

कायदा या बाबतीत मुका नाही. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात संगणकाने निर्माण केलेले साहित्य अभिलेख म्हणून धरले आहे. विहित रीतीवाचून अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा, असे बंधन आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा असाच अधिनियम 2005 चा आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 7 म्हणते की इलेक्ट्रॉनिक कागद जतन केला असे तेव्हाच मानावे, जेव्हा तो पुढे पाहता येतो, मूळ रूपात असतो आणि कोठून, कोणास, कोणत्या तारखेस व वेळेस गेला हे त्यावरून कळते. म्हणजे तारीख गळालेली टपालपेटी कायद्याच्या दृष्टीने जतन झालेलीच नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेल हा शब्द स्पष्टपणे घातलेला आहे. इतके असूनही ‘माहिती उपलब्ध नाही’ या तीन शब्दांपुढे भला कार्यकर्ता हात टेकतो.

येथे एक सावधगिरी हवी. या प्रश्नावर गदारोळ झाला तर पहिला बळी तालुक्याच्या कचेरीतील कंत्राटी संगणकचालक ठरेल. सहा गठ्ठे पद्धतीत कागद लावण्याचे शिक्षण कारकुनाला मिळते. नष्ट करावयाच्या गठ्ठ्यालाही यादी आणि मंजुरी लागते, हे त्याला ठाऊक असते. परंतु टपालपेटीतील पत्र अ वर्गाचे, कायम ठेवण्याचे, की ड वर्गाचे, वर्षभराने काढण्याचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसेल तर दोष त्याचा कसा? पेटी भरली असा लाल इशारा पडद्यावर येतो, साहेबांचे नवे पत्र अडते, आणि तो सर्वांत जुनी पत्रे निवडून एका कळीने घालवतो. महिन्याच्या मानधनावर राबणाऱ्या माणसावर जिल्ह्याच्या स्मरणशक्तीचा भार टाकून वर त्यालाच नोटीस बजावणे हा अन्याय होईल. तेव्हा बोट ठेवायचे ते आदेश काढणाऱ्यावर.

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी करण्यासारखे काम त्यामुळे मोर्च्याचे कमी आणि चिकाटीचे अधिक आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, आठही तहसील कार्यालये, उपविभागीय कार्यालये, वनविभाग आणि जिल्हा परिषद यांच्याकडे माहितीच्या अधिकाराखाली स्वतंत्र अर्ज करावेत. कार्यालयाच्या पदनामाच्या टपालपेट्या किती, त्यांतील कोणत्या हलवल्या गेल्या, हलवण्यापूर्वी व नंतर संदेशांची संख्या किती होती, न गेलेल्यांची यादी कोणाकडे आहे, जुनी प्रत कोठे व किती काळ ठेवली जाणार, पेटी हलकी करण्याविषयी लेखी आदेश निघाला काय, आणि अभिलेख अधिकारी कोण, एवढे विचारावे. पेटी मुळीच हलवली नसेल तर तसे उत्तर लेखी घ्यावे, म्हणजे हलवण्याची वेळ येईल तेव्हा यादी करा, असे आधीच सांगता येईल. ज्या ग्रामसभांचे दावे प्रलंबित आहेत त्यांनी आपल्या दाव्यासंबंधी आलेल्या-गेलेल्या ई-मेलच्या प्रती तारखेसह आताच मागून घ्याव्यात आणि ग्रामसभेच्या पेटाऱ्यात ठेवाव्यात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, हे लक्षात ठेवून मजकूर आटोपशीर लिहावा. शुल्क दहा रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही.