सनद हाती आली, चेंबरचे दार कोण उघडणार?

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड येथे १२ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यातले. ज्या मुलखात खोताच्या अंगणाबाहेर उभे राहून आमच्या आजोबा-पणजोबांना न्याय मागावा लागत होता, त्या मुलखात एक बौद्ध सरन्यायाधीश न्यायमंदिराचे दार उघडतो, ही घटना सामान्य नव्हे. कोकणातल्या प्रत्येक बौद्धवाडीला तिचा अभिमान वाटला आणि तो वाटलाच पाहिजे.

परंतु अभिमानाचे हारतुरे सुकले की एक प्रश्न उरतो आणि तो चळवळीने स्वतःलाच विचारला पाहिजे. मंडणगड, दापोली, खेडपासून लांजा, राजापूरपर्यंतच्या नऊ तालुक्यांतील न्यायालयांत काळा कोट घालून उभे राहणारे आपले तरुण किती आहेत? आणि त्यांतले किती जण सात वर्षांनंतरही त्याच न्यायालयात उभे दिसतील?

सात वर्षांचा हा आकडा आम्ही मनचा घेतलेला नाही, तो कायद्यातला आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या कलम १५ नुसार विशेष न्यायालयात सरकारच्या वतीने उभ्या राहणाऱ्या वकिलाची किमान सात वर्षे वकिली झालेली असावी लागते. सत्र न्यायालयातील सरकारी वकिलाला सात वर्षे. संविधानाच्या कलम २३३ नुसार वकिलीतून थेट जिल्हा न्यायाधीश होऊ पाहणाऱ्याला सात वर्षे. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती व्हायचे तर दहा वर्षे. त्यात २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तोपर्यंत आपला गरीब पण हुशार मुलगा पदवी घेऊन थेट परीक्षेला बसू शकत होता. या निकालानुसार त्याने आधी तीन वर्षे कोर्टात काढायची आणि ती काढल्याचे प्रमाणपत्र त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशाकडून, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर प्रमुख न्यायाधीशाची मोहोर उमटवायची.

म्हणजे तीन, सात आणि दहा वर्षे या न्यायव्यवस्थेच्या पायऱ्या आहेत. आमचा मुलगा पहिल्या पायरीवरच बसकण मारतो, कारण ती तीन वर्षे पोट कशावर भरायचे हे त्याला कोणी सांगत नाही.

ही तीन वर्षे कशी जातात ते पाहा. बौद्धवाडीतला मुलगा किंवा मुलगी विधी महाविद्यालयातून पदवी घेते, बार कौन्सिलची परीक्षा देते, सनद मिळते. गावात सत्कार होतो, मुंबई मंडळ शाल-श्रीफळ देते. दुसऱ्या दिवसापासून सीनिअर शोधण्याची वणवण सुरू होते. ज्याचे वडील, काका, मामा वकील आहेत त्याला चेंबर, ग्रंथ, टायपिस्ट आणि पक्षकार वारशाने मिळतात. आमच्या पोराला सीनिअर आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग 'बघू' म्हणतो. जागा मिळालीच तर काम काय? फाईली वाहणे, झेरॉक्स काढणे, मुदतीचा अर्ज देऊन तारीख घेणे. दाव्याचा मसुदा कसा करायचा, कैफियतीत काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, उलटतपासणीत कुठे थांबायचे, हे पुस्तकात सापडत नाही. ते सीनिअरच्या शेजारी बसून शिकावे लागते आणि शेजारी बसवून शिकवणारा त्याला भेटत नाही. महिन्याकाठी हाती पडते ते एस.टी.च्या भाड्यालाही पुरत नाही. मुलगी असेल तर घरून लग्नाचा तगादा वेगळाच. शेवटी तो मुंबईची गाडी पकडतो, एखाद्या खासगी कंपनीत नोकरी धरतो आणि काळा कोट खुंटीला लागतो.

हे दुखणे बाबासाहेबांनी स्वतः भोगलेले आहे. ग्रेज इनचे बॅरिस्टर होऊन ते १९२३ मध्ये मुंबईस परतले तेव्हा सनदेच्या फीपुरतेही पैसे त्यांच्याजवळ नव्हते. मित्र नवल भथेना यांनी ती नड भागवली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेल्या या बॅरिस्टरला सॉलिसिटर मंडळी ब्रीफ देईनात, कारण तो अस्पृश्य होता. संसार चालावा म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. त्यांच्या बुद्धीची बरोबरी करणारे त्या उच्च न्यायालयात किती होते? तरीही दार बंदच होते. मग सामान्य बुद्धीच्या, सामान्य घरच्या आमच्या मुलाने केवळ गुणवत्तेच्या बळावर ते उघडावे, अशी अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करतो?

त्या काळात बाबासाहेबांच्या बाजूने एक गोष्ट घडली, ती आज विसरली जाते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून बागडे, केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्यावर पुण्यात खटला झाला. ब्राह्मणेतर चळवळीच्या या मंडळींनी १९२६ मध्ये आपल्या बचावासाठी तरुण बॅरिस्टर आंबेडकरांना उभे केले आणि बाबासाहेबांनी तो खटला जिंकून दिला. एका चळवळीने दुसऱ्या चळवळीच्या वकिलावर विश्वास टाकला. वकील असाच उभा राहतो, पक्षकाराच्या विश्वासावर.

आणि उभा राहिलेला वकील चळवळीला काय देतो? २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायला एक दिवस पुरला. पण त्या पाण्यावरचा हक्क कोर्टात सिद्ध करायला दहा वर्षे लागली. सनातन्यांनी १९२७ साली महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा ठोकला. तो ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातून वर सरकत उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल लागला. सत्याग्रहाला हजारो लोक लागतात, दाव्याला मात्र दहा वर्षे टिकणारा वकील लागतो. खोतीचेही तसेच. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कुणबी आणि महार कुळे खांद्याला खांदा लावून कौन्सिल हॉलवर चालून गेली. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. पण कायदा झाला म्हणून जमीन आपोआप नावावर चढत नाही. कूळ हक्क, फेरफार, सातबारा, वाटप यांची लढाई तहसीलदार, प्रांत आणि दिवाणी न्यायालयात लढावी लागते. कोकणातल्या कित्येक बौद्ध, कुणबी आणि मुस्लिम कुटुंबांची ही लढाई आजही संपलेली नाही.

आता वरच्या मजल्यावरचे चित्र पाहू. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायमूर्तींपैकी अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६, इतर मागासवर्गीय ८९ आणि अल्पसंख्याक ३७ होते. शंभरात तीन अनुसूचित जातींचे! कॉलेजियमला जाब विचारलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण न्यायमूर्ती वकिलांतून आणि जिल्हा न्यायाधीशांतून निवडले जातात. तालुक्याच्या कोर्टात आमचा वकील तिसऱ्या वर्षीच गळाला तर दहाव्या वर्षी कॉलेजियमपुढे नाव कोणाचे जाणार?

स्वतः गवई साहेबांचाच प्रवास पाहा. १६ मार्च १९८५ रोजी ते वकिलीत आले आणि १९८७ पर्यंत त्यांनी माजी महाधिवक्ता बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली काम केले. रा. सू. गवईंसारख्या नेत्याच्या मुलालाही सीनिअर लागला. मग ज्याच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या आंबा-काजूच्या बागेत मजुरी केली, त्याला तो किती लागत असेल?

अमेरिकेतील काळ्या बांधवांनी हे दुखणे ओळखले आणि त्यावर इलाज केला. गोऱ्यांच्या वकील संघटनेची दारे बंद म्हणून त्यांनी १९२५ साली स्वतःची नॅशनल बार असोसिएशन काढली. हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात चार्ल्स ह्यूस्टन या शिक्षकाने वकिलांची एक फळीच घडवली. १९३३ साली तिथून बाहेर पडलेल्या थरगूड मार्शल यांनी १९५४ साली शाळांतील वर्णभेदाचा खटला जिंकला आणि १९६७ साली ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. आधी शिक्षक, मग फळी, मग निकाल. बाबासाहेबांनाही हे ठाऊक होते, म्हणूनच शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या या महामानवाच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले.

न्यायालयाने आणि बार कौन्सिलने अलीकडे दोन पावले टाकली, हे नमूद केले पाहिजे. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सनदेची नोंदणी फी कायद्यात लिहिल्याप्रमाणे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणली. त्याआधी अनेक राज्यांत हजारो रुपये उकळले जात होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलाला शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे, सक्ती नाही. सीनिअर देणार नसेल तर कोण देणार? आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये नवोदित वकिलांना दरमहा पाच हजार रुपये देणारी योजना आणली होती. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने बार्टीमार्फत असे विद्यावेतन का देऊ नये? ही मागणी प्रत्येक आमदाराच्या दारात नेली पाहिजे.

मात्र सरकारकडे बोट दाखवताना चार बोटे आपल्याकडे वळतात, तीही पाहू. आपल्या माणसाचा जमिनीचा मोठा दावा असला की तो 'बड्या' वकिलाकडे जातो, मागेल ती फी मोजतो. आपल्या वकिलाकडे येतो तो नोटरी, शपथपत्र आणि फुकटच्या सल्ल्यासाठी. 'आपलाच पोरगा आहे' म्हणून फी बुडवायची आणि 'आपले वकील टिकत नाहीत' म्हणून हळहळायचे! ज्या मोजक्या आंबेडकरी वकिलांचा जम बसला, त्यांतल्या काहींनी तरी मागे वळून पाहिले काय? ज्याने दहा वर्षे पूर्ण केली त्या प्रत्येकाने वाडीतला एक ज्युनिअर हाताशी धरला, तर ज्या प्रमाणपत्रासाठी तो दारोदार फिरतो ते आपल्याच घरात मिळेल.

पैशाचे म्हणाल तर साधा हिशेब मांडू. दरमहा १५ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. जिल्ह्यातील शंभर गावशाखा आणि त्यांची मुंबई मंडळे एकत्र आली तर एका गावाच्या वाट्याला महिन्याला दीडशे रुपये येतात. जयंतीच्या एका रात्रीच्या डी.जे.च्या खर्चात गावाचा कितीतरी वर्षांचा वाटा निघेल. पहिल्या वर्षी दोन ज्युनिअर धरा, त्यांत एक मुलगी असू द्या. निधी मिळणाऱ्याने अट एकच पाळायची, जिल्हा सोडायचा नाही आणि सात वर्षांनंतर स्वतः एक ज्युनिअर घ्यायचा. महिन्यातून एका रविवारी विहारात बसून दावे-कैफियतींचे मसुदे शिकवावेत, जिल्ह्यातील अत्याचाराच्या खटल्यांची नोंद ठेवावी. अत्याचारपीडिताच्या इच्छेवरून जिल्हाधिकारी नामवंत वकील नेमू शकतो, अशी तरतूद १९९५ च्या नियमांत आहे. ती वापरायची तर नाव सुचवायला आपल्याकडे वकील हवा.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. अपिलासाठी मुंबई गाठणारा कोकणी माणूस आता आंबा घाट चढून कोल्हापूरला जाईल. त्या नव्या न्यायालयात नव्या वकिलांना जागा होणार आहे. प्रस्थापितांची मुले तिथे चेंबर शोधायला केव्हाच निघाली असतील.

येत्या जयंतीच्या नियोजनाच्या बैठका गावोगाव लागतील. मंडप, मिरवणूक, भोजनदान यांच्या जोडीला 'वकील निधी' हा एक विषय प्रत्येक मंडळाने बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि पहिले दीडशे रुपये त्याच बैठकीत जमा करावेत, एवढेच आमचे मागणे आहे.

जयभीम!