पडद्यावरची बैठक, सतरंजीवरची बैठक

मार्च २०२० मध्ये बंगळुरूत भरणारी रा. स्व. संघाची अखिल भारतीय प्रतिनिधी सभा कोरोनाच्या सावटामुळे स्थगित झाली. पाठोपाठ मैदानावरील शाखा थांबल्या, प्रार्थना घराघरांत होऊ लागली आणि २६ एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, सरसंघचालकांचे बौद्धिक स्वयंसेवकांनी पडद्यावर ऐकले. त्या काळात या साधनाने कामाचा धागा तुटू दिला नाही, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्याच काळात एक विलक्षण अनुभव सर्वत्र आला. दिवसभर उन्हातान्हात गृहसंपर्क करून परतलेला कार्यकर्ता रात्री हसतखेळत जेवे. आणि तासाभराची ऑनलाइन बैठक आटोपणारा मात्र डोके धरून बसे. खुर्चीवर बसून कसला आला थकवा, असे घरचेही म्हणत.

हा थकवा काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची कारणमीमांसा मांडली. पडद्यावर प्रत्येक चेहरा अगदी निकट येतो आणि सतत आपल्याकडेच पाहत असल्याचा भास होतो. प्रत्यक्ष बैठकीत माणूस वक्त्याकडे पाहतो, खिडकीबाहेर पाहतो, वहीत टिपण करतो. इथे प्रत्येक जण अखंड व्यासपीठावर. त्यात भर म्हणजे समोर आपलेच प्रतिबिंब. हातात आरसा धरून कोणी बैठकीला बसते काय? शरीर चौकटीत जखडलेले आणि मान डोलावणे, भुवई उंचावणे असे सहज संकेत मुद्दाम करावे लागणे, ही उर्वरित कारणे.

मात्र शीण हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. मंडलात बसलेल्या बैठकीत न बोलणारा कार्यकर्ताही प्रमुखाला दिसतो. त्याच्या घरी काही अडचण आहे, निर्णय त्याला पटलेला नाही, हे चेहऱ्यावरून कळते आणि चपला घालताना खांद्यावर हात ठेवून विचारता येते. पडद्यावर तो केवळ ‘ध्वनी बंद’ असलेला एक चौकोन असतो. बैठक संपते, चौकोन मिटतो. मतभेद तसाच राहतो.

श्रीगुरुजींचा पत्रव्यवहार विपुल होता. तरीही १९४० ते १९७३ या सरसंघचालकपदाच्या काळात त्यांचा देशभर प्रवास अखंड चालू राहिला. पत्र पोहोचले म्हणजे भेट झाली, असे त्यांनी मानले नाही.

आज संकट सरले, सोय मात्र उरली. सूचना, वृत्तसंकलन, तातडीचा निरोप यांसाठी ती जरूर वापरावी. त्यातही पुष्कळ काम साध्या फोनवर होते. कॅमेरा चालू ठेवण्याचा आग्रह ही शिस्त नव्हे, निव्वळ हजेरी आहे. परंतु दायित्व सोपवणे, मतभेद मिटवणे, नव्या कार्यकर्त्याची ओळख ही कामे पडद्यावर ढकलू नयेत. आडगावच्या कार्यकर्त्याने दरमहा एसटी बदलत जिल्ह्याला यावे, हाही अट्टहास नको. त्याऐवजी जिल्ह्याच्या प्रमुखानेच तीन महिन्यांतून एकदा त्याच्या गावी मुक्कामाला जावे. रात्री जेवणानंतर ओसरीवर जे बोलणे निघते, ते कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नसते.