‘आम्ही इथलेच’ एवढं म्हणून भागणार नाही

ऑक्टोबर २०२४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कारेगावात पोलिसांनी २१ बांगलादेशी नागरिकांना पकडलं. कारेगाव म्हणजे रांजणगाव एमआयडीसीच्या शेजारचं, भाड्याच्या खोल्यांचं गाव. अशी बातमी आली की शिरूर असो वा दौंड, आपल्या मोहल्ल्यातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “आम्ही इथलेच. आमचा त्यांच्याशी काय संबंध?”

हे वाक्य खरं आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची नावं इथल्या सातबाऱ्यावर आहेत, शाळेच्या दाखल्यावर आहेत. पण खरं असूनही ते कमकुवत आहे. कारण ते म्हणताना आपण नकळत एक गोष्ट मान्य करतो : जो इथला नाही त्याचं काहीही करा, आमची हरकत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. कागदपत्रांशिवाय देशात येणं हा गुन्हा आहे आणि कोणाला राहू द्यायचं हे ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे. त्यावर वाद नाही. वाद आहे तो सगळ्यांना एकच माप लावता की नाही, यावर.

रांजणगावातच पाहा. तिथे कोरियाच्या एलजीचा कारखाना आहे, चीनच्या हायरचा आहे. अशा कारखान्यांना परदेशी तंत्रज्ञ लागतात. २०२० मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले आणि चिनी नागरिकांचे व्हिसा आवळले गेले. पुढे उद्योजकच तक्रार करू लागले, यंत्रं आली पण ती बसवणारी माणसं येत नाहीत. २०२४ मध्ये सरकारने तंत्रज्ञांच्या व्हिसाची वाट सोपी केली. जुलै २०२५ मध्ये चिनी पर्यटकांनाही पुन्हा व्हिसा सुरू झाले. ज्या देशाशी सीमेवर रक्त सांडलं, त्याच्याशीही व्यापारासाठी मार्ग काढला. काढायलाच हवा होता.

मग मजुरासाठी मार्ग का नाही? भारतात परदेशी माणसाला नोकरीचा व्हिसा हवा असेल तर, मोजके अपवाद सोडता, वर्षाचा पगार १६.२५ लाख रुपयांच्या वर लागतो. म्हणजे इंजिनिअरला दार आहे, विटा वाहणाऱ्याला खिडकीही नाही. काम आहे, काम करणारा आहे, मधला कायदेशीर रस्ता मात्र नाही. तिथे दलाल उभा राहतो. तो सीमा ओलांडून देतो, खोटा कागद करून देतो आणि दोन्हीकडून पैसे घेतो. छाप्यात सापडतो तो मजूर.

आता आपल्याच माणसांकडे वळा. दुबई-शारजात व्हिसा संपूनही राहिलेले भारतीय कमी नव्हते. १ सप्टेंबर २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीने माफी योजना सुरू केली आणि ती वर्षअखेरपर्यंत वाढवली. दंड नाही, पुन्हा येण्यावर बंदी नाही. कागद नीट करा किंवा घरी जा. आपल्या वकिलातीने त्यासाठी मदतकेंद्रं उघडली. त्याच देशाशी १ मे २०२२ पासून आपला व्यापार करार लागू आहे. तिथे व्हिसा संपलेला माणूस ‘अडचणीत सापडलेला भारतीय’ असतो. कारेगावात तसाच माणूस ‘घुसखोर’ होतो, आणि त्या शब्दाआड त्याचा धर्म बघितला जातो.

याच्या उलट अमेरिकेने केलं. ४ सप्टेंबर २०२५ ला जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्यावर छापा पडला. ३०० हून जास्त कोरियन कामगारांना धरलं, बेड्या घातल्या. अनेकांचे व्हिसा त्या कामाचे नव्हते, असं अमेरिकेचं म्हणणं होतं. तरी कोरियात संताप उसळला, सरकारने विमान पाठवून माणसं परत आणली आणि कारखान्याचं काम रखडलं. आधी गुंतवणुकीला बोलवायचं आणि मग तिच्याबरोबर आलेल्या माणसाला साखळी घालायची, याची किंमत अशी मोजावी लागते.

आपण बांगलादेशच्या बाबतीत काय मोजतोय? २०२३ मध्ये भारतात आलेल्या परदेशी पर्यटकांत सर्वात जास्त बांगलादेशी होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता बदलली, आपण व्हिसा जवळपास बंद केले आणि कोलकात्यातली हॉटेलं, दुकानं, दवाखाने ओस पडले. एप्रिल २०२५ मध्ये आपण त्यांच्या मालाची आपल्या बंदरांतून तिसऱ्या देशात जाण्याची सोय काढली. त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांतून आपलं सूत घेणं थांबवलं. मे महिन्यात आपण त्यांच्या तयार कपड्यांना फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही बंदरं ठेवली.

हाच देश आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक आहे. २०१९ मध्ये दिल्लीने निर्यात अचानक बंद केली, तेव्हा शेख हसीना यांनी दिल्लीतच हसत टोला मारला होता की, स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली. असं वारंवार झाल्यावर गिऱ्हाईक दुसरं दुकान बघतं आणि स्वतःचा कांदाही वाढवतं. केडगावच्या आणि शिरूरच्या बाजारात कांदा पडतो तो काही कारेगावच्या छाप्यामुळे नाही. पण शेजारी देशाच्या नावाची रोज शिवी करायची आणि त्यानेच आपला माल भरवशाने घ्यावा अशी आशा धरायची, हे जमत नाही.

राहिला मुद्दा ‘आम्ही इथलेच’ चा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं. ते भारतीय निघाले आणि बंगाल सरकार मध्ये पडल्यावर परत आणले गेले. तेही इथलेच होते. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तो तसाच आहे. आज बंगाली बोलणाऱ्याला विचारतात. उद्या तुमची मराठी किती शुद्ध आहे, हे कोण मोजणार?

म्हणून तरुण मित्रांनो, तीन कामं करा. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत बंगाल-बिहारहून आलेले जे मजूर आहेत, त्यांना शिरूर-दौंडच्या न्यायालयातली तालुका विधी सेवा समिती दाखवा. तिथे मोफत वकील मिळतो. ‘घुसखोर’ हा शब्द आपल्या तोंडून काढून टाका. ज्याचा गुन्हा आहे त्याला कायद्याने, सुनावणी देऊन परत पाठवा, एवढंच म्हणा. आणि आमदार-खासदार मतं मागायला आले की कांदा उत्पादकांच्या शेजारी बसून विचारा : चिनी तंत्रज्ञासाठी नियम बदलता, मग मजुरांसाठी शेजारी देशाशी करार का करत नाही?

‘आम्ही इथलेच’ हे आपण जरूर म्हणू. पण इथले आहोत म्हणूनच, इथे काय चाललंय ते विचारण्याचा हक्क आपला आहे.