संक्रांतीच्या सुट्टीत वेण्णा तलाव

आपल्या हैदराबादच्या थंडीला स्वेटर पुरतो. कानटोपी, मफलर बाहेर काढायची हौस असेल तर संक्रांतीच्या सुट्टीत महाबळेश्वर गाठा. श्रीनगरचं दल सरोवर ‘चिल्लई कलां’च्या, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांत गोठतं खरं, पण तिकडच्या विमानाचं भाडं बघूनच माणूस गार पडतो!

साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधलेला वेण्णा तलाव गोठत नाही. काठावरचं दव मात्र काही पहाटे गोठतं. त्यासाठी आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला हवा. रात्रभर जमिनीची ऊब निघून जाते, गार हवा जड होऊन खोलगट भागात उतरते. म्हणून बाजारपेठेपेक्षा तलावापाशी पारा बराच खाली असतो. जेटीवर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. ऊन आलं की संपलं, तेव्हा मुलांना अंधारातच उठवा. रुसतील, रुसू द्या.

आमच्या बाबांनी महाबळेश्वर आयुष्यभर मे महिन्यातच पाहिलेलं. सत्तरीत पहिल्यांदा त्यांनी जेटीवरचा हिमकण बोटावर घेतला आणि तो विरघळेपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, “उद्या पुन्हा येऊ.”