संवादाच्या टेबलावर खुर्ची कुणाची?

1942 मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले. त्रिपक्षीय श्रम परिषदेची घडी बसली. 46वी परिषद 2015 मध्ये झाली. त्यानंतर एकही परिषद न घेता 2019-20 मध्ये चार श्रमसंहिता मंजूर झाल्या.

संघटनांना मात्र ‘सामाजिक संवादा’चं प्रशिक्षण दिलं जातं. संशोधनासाठी मी अशा एका वर्गात बसले. ठेकेदारांकडून वकील आला होता. सफाई कामगारांच्या वतीने बोलणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एकानेही कधी झाडू धरला नव्हता. झाडणाऱ्या बाया मागच्या रांगेत गप्प होत्या.

वाटाघाटी जरूर शिकवा, पण आधी त्यांना पुढची खुर्ची द्या. आणि घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, करारातली बारीक अक्षरं वाचून दाखवायला आपण युनियनच्या कचेरीत कधी जाणार?